आत गेल्याची नोंद

१

वसुंधरा परचुरेला त्या आठवड्यात एकच काम होतं, आणि ते काम असं की घरी सांगायला घ्यावं तर ऐकणाऱ्याला दुसऱ्याच वाक्याला जांभई यावी. दोन सॉफ्टवेअरमधून एक निवडायचं. कशाचं सॉफ्टवेअर? तर लॉग ठेवायचं. लॉग म्हणजे कॉम्प्युटरनं स्वतःच लिहिलेली स्वतःची रोजनिशी. अमुक वाजता अमका आला, तमुक वाजता डिस्क भरली, दार उघडलं, दार लागलं. नवरा म्हणाला, "म्हणजे रोजनिशी कोण चांगली लिहितो त्याची परीक्षा." ती म्हणाली, "हो, तसंच," आणि भाजी परतायला लागली. समजावून सांगायचंही एक वय असतं, ते तिचं उलटलं होतं.

सन सत्त्याण्णव. पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा एक कंटेनर यार्ड. बंदरातून दिवसाला हजार-बाराशे ट्रेलर यायचे-जायचे, आणि त्यांचा सगळा हिशेब तीन सर्व्हर ठेवायचे. दुपारी तीन ते सहा ही वेळ त्या तिघांची कसोटी बघणारी. प्रत्येक ट्रेलरमागे पन्नास ओळींचा लॉग. डिस्क भरली की गेटवरचा कॉम्प्युटर गप्प, आणि ट्रेलरची रांग पार हायवेपर्यंत. मग ड्रायव्हरांच्या तोंडून जे काही बाहेर पडायचं ते वसुंधराच्या टेबलापर्यंत ऐकू यायचं. महिन्यात चार वेळा असं झालं तेव्हा मॅनेजर मितेश शहानं फर्मान काढलं: तिघांचेही लॉग एका वेगळ्या मशीनवर गोळा करा, त्यासाठी चांगलं सॉफ्टवेअर घ्या. एक पुण्याच्या कंपनीचं आलं, एक अंधेरीच्या. दोन्ही पंधरा दिवस ट्रायलवर. शुक्रवारी संध्याकाळी रिपोर्ट द्यायचा.

दोघांची खरी नावं मोठी भारदस्त होती, पण यार्डात ती कुणी घेतली नाहीत. एक पुण्याचं आणि एक अंधेरीचं, एवढ्यावर भागलं.

वसुंधरा शेहेचाळीस वर्षांची. नऊ वर्षं याच खोलीत, याच पंख्यांच्या घरघरीत. तिचं दमणं रविवारी झोप काढून जाण्यातलं राहिलं नव्हतं. ती सकाळी उठायची तीच दमलेली उठायची, आणि याचं तिला आता वाईटही वाटत नसे.

२

सर्व्हरची खोली तिच्या टेबलासमोरच, मध्ये काचेची भिंत. आत तीन उंच कपाटं, कायम थंडगार हवा. तिसऱ्या कपाटामागे दीड हात जागा होती आणि तिथल्या खिळ्याला एक रजिस्टर टांगलेलं असे. दर तासाला आत जायचं, खोलीचं तापमान बघायचं, बॅटरीचा काटा बघायचा आणि रजिस्टरात लिहायचं. हे काम काशीराम घरत यांचं.

काशीराम सुकापूरचा. वय सत्तावन्न, निवृत्तीला दहा महिने राहिलेले. संपादनात जमीन गेली, तिच्या बदल्यात ही नोकरी मिळाली. निळा युनिफॉर्म, कानावर पेन्सिल, आणि बसायला काचेबाहेर एक स्टूल. माणूस मोठा मायाळू. वसुंधराचं डोकं दुखत असलं की न सांगता ट्यूबलाइट बंद करायचा.

आता खरं सांगायचं तर दर तासाला वगैरे तो काही आत जात नसे. जेवण झालं की एकदाच जायचा आणि दोन, तीन, चार, पाच वाजताचे आकडे एका दमात लिहून मोकळा व्हायचा. तापमान नेहमी एकवीस. नऊ वर्षं एकवीस. वसुंधराला हे ठाऊक होतं, आणि सोमवारी सकाळी ती अख्ख्या आठवड्याच्या पानांवर सह्या करून ठेवत असे, हे काशीरामला ठाऊक होतं. यात कुणी कुणाला फसवत नव्हतं. मस्टरचंही तेच. कुणी संध्याकाळी जायची वेळ लिहायला विसरला तर दुसऱ्या दिवशी शेजारचा ती भरून टाकायचा. राहिली असेल तर भरून टाका, यावर तो यार्ड चालत होता, आणि बरा चालला होता.

पुण्याच्या कंपनीनं ट्रायलसोबत खोलीच्या दाराला एक यंत्र बसवून दिलं. कार्ड लावलं की दार उघडायचं. आत जाताना लावायचं, बाहेर येताना पुन्हा लावायचं, दोन्ही वेळा लॉगमध्ये ओळ पडायची. वसुंधराचं कार्ड तीन नंबरचं, काशीरामचं सात. त्यात एक मेख होती. जे कार्ड आत गेलंय ते बाहेर आल्याशिवाय पुन्हा आत जाऊ शकत नाही. यंत्राचं म्हणणं साधं होतं: आत असलेला माणूस पुन्हा आत कसा जाणार?

३

बुधवारी सकाळी तिनं दोन्ही सॉफ्टवेअरच्या ओळी शेजारी शेजारी छापून घेतल्या. प्रत्येक ओळीला अनुक्रमांक असायचा, त्यामुळे परीक्षा सोपी होती. अंधेरीचं घाईच्या वेळी ओळी गिळत होतं. मंगळवारी तीन ते सहात दोनशे बारा ओळी गायब. पुण्याचं मात्र आतापर्यंत एकाही ओळीला चुकलं नव्हतं. आकड्यामागून आकडा, कुठे खंड नाही. रिपोर्ट तिथंच लिहून झाल्यासारखा होता.

तरी तिनं मंगळवारच्या पानावरून बोट फिरवलं. सवय, दुसरं काय.

तीन बेचाळीस. कार्ड सात, आत.

चार दहा. कार्ड तीन, आत. चार पंचवीस. कार्ड तीन, बाहेर. ही ती स्वतः. गेटचा सर्व्हर अडकला होता म्हणून गेली होती.

पुढे कार्ड सात बाहेर आल्याची ओळ नव्हती. तिनं पान उलटलं, मग मागचं पान बघितलं, मग संध्याकाळपर्यंतच्या सगळ्या ओळी बघितल्या. मधला एकही अनुक्रमांक गेलेला नव्हता. म्हणजे ओळ हरवली नव्हती. ओळ पडलीच नव्हती.

आपल्याच मागून आला असेल बाहेर, तिच्या मनात आलं. मी दार उघडलं, तोही सटकला. झालं. पण मग चार दहाला ती आत गेली तेव्हा काशीराम आत होता का? तिला आठवेना. कपाटाचं दार उघडल्याचं आठवत होतं, पंखा आठवत होता. तिसऱ्या कपाटामागे तिनं बघितलं नव्हतं, तिथं बघायचं कारणच नव्हतं. बाहेर आली तेव्हा तो स्टुलावर बसलेला होता, हे मात्र लख्ख आठवत होतं. आत जाताना स्टूल रिकामं होतं की नाही?

काशीराम समोरच बसला होता.

"काशीरामभाऊ, काल तुम्ही आत गेलात तेव्हा बाहेर येताना कार्ड लावलं नाहीत का?"

त्यानं जरा विचार केला. "आलो असन की, मॅडम," तो म्हणाला. "हितंच हाय ना मी."

"लावलंत की नाही, तेवढं सांगा."

"त्ये काय ध्यानात नाय. आत लिवत होतो, येवढं ध्यानात हाय."

त्यानं उठून दाराला कार्ड लावून दाखवलं. यंत्रावर लाल दिवा लागला. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. वसुंधराला हायसं वाटलं. यंत्राचा घोळ म्हणजे यंत्राचाच घोळ. "माझं कार्ड घ्या," ती म्हणाली, "आणि तासाचे आकडे टाकून या."

"नको," तो म्हणाला, आणि परत स्टुलावर बसला. "आत काम चाललंय. कशाला आड यायचं."

तिनं काचेतून आत बघितलं. तीन कपाटं, हिरवे दिवे. आत कुणी नव्हतं.

४

गुरुवारी सकाळी ती स्वतः आत गेली. म्हटलं रजिस्टर तरी बघावं, दोन दिवस कोरं राहिलं असेल तर भरून टाकावं.

रजिस्टर कोरं नव्हतं.

मंगळवारी दुपारी चारपासून प्रत्येक तासाची ओळ होती. अक्षर काशीरामचंच, त्याचा दोनाचा आकडा तिनं हजारदा बघितलेला, खाली शेपटी ओढलेला. एकवीस पूर्णांक सहा. बावीस पूर्णांक तीन. एकवीस पूर्णांक नऊ. सहा वाजले, सात वाजले, रात्रीचे अकरा वाजले, पहाटेचे चार वाजले. रात्री ही खोली कुलूपबंद असते आणि यार्डाच्या या बाजूला कुत्रंही फिरकत नाही.

तिनं रजिस्टर खिळ्यावरून काढलं नाही. उभ्या उभ्याच आकडे कागदावर लिहून घेतले, बाहेर आली आणि लॉगशी ताडून बघितले. एसीचं यंत्र दर तासाला आपलं तापमान लॉगमध्ये टाकत असे. सगळेच्या सगळे आकडे जुळत होते, दशांशासकट. नऊ वर्षांत ते रजिस्टर पहिल्यांदा खरं झालं होतं.

याला कारण असणार, ती स्वतःला सांगत राहिली. कुणीतरी लॉग बघून आकडे उतरवले असतील. कोण? काशीरामला लॉग उघडता येत नाही. मितेश असली चेष्टा करणारा नाही. आणि दारावरच्या ओळींत, मंगळवारच्या त्या कार्ड सातनंतर, तिच्याशिवाय कुणीच आत गेलेलं नव्हतं.

शेवटी ती पुन्हा आत गेली. नीट बघून एकदाचा सोक्षमोक्ष लावावा म्हणून गेली. पंख्यांचा आवाज होता तसाच होता, घर्रर्र. तो कानाला इतका सरावाचा की ऐकूच यायचा नाही. आज त्याच्या खाली आणखी एक आवाज होता. बारीक, कोरडा. कागदावर पेन्सिल चालावी तसा. ती थांबली, तो थांबला. तिनं एक पाऊल टाकलं, तो सुरू झाला.

तिसऱ्या कपाटाच्या कडेपर्यंत ती गेली. कड ओलांडून मान वळवायची, एवढंच उरलं होतं. तिनं मान वळवली नाही. कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती की घाबरले नव्हते. आणि ते खोटं ठरलं असतं.

बाहेर येताना तिनं कार्ड दोनदा लावलं. मग तडक मशीनशी जाऊन लॉग उघडला. कार्ड तीन, बाहेर. ओळ होती. ती खुर्चीत बसली आणि ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"दमलात, मॅडम," स्टुलावरून काशीराम म्हणाला. त्यानं उठून ट्यूबलाइट बंद केली.

५

दुपारी गेटवरून वॉचमनचा फोन आला. कुणी कमळाबाई घरत भेटायला आल्यात, साहेबांना नको म्हणतात, मॅडमनाच भेटायचं म्हणतात.

काशीरामची बायको. वसुंधरानं तिला एकदाच बघितलं होतं, मुलीच्या लग्नात. गेटबाहेर बाभळीच्या सावलीत ती उभी होती, नऊवारी घट्ट नेसलेली, हातात गोळ्यांची पुडी.

"यांच्या बीपीच्या गोळ्या," ती म्हणाली. "तीन दिस झाले, घेतल्या नाय. म्हंजे घेतात. हातात घेतात, तोंडात टाकतात. पन सांजच्याला मोजल्या तर तेवढ्याच असतात."

"विसरत असतील हो. या वयात..."

"नाय बाई. ऐका." कमळाबाईनं पदर तोंडाशी नेला, मग खाली घेतला. "मंगळवारपासून घरी येतात. जेवतात. इचारलं तं बोलतात. पन आलं असं वाटत नाय. पाय धुतात नि मोरी कोरडी ती कोरडीच. राती खाटंवर पडतात तं खाट करकरत नाय. तीस वरसं ती खाट करकरते, बाई, मना त्याबिगर झोप येत नाय."

ट्रेलर एकामागून एक धूळ उडवत गेले.

"नि सकाळी उठून इचारतात मना," कमळाबाई म्हणाली. "रोज. म्हनतात, मी आलो का गो?"

"मग तुम्ही काय सांगता?"

"काय सांगू? आलात म्हनते." तिचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. "तुमी लिवता-वाचता, बाई. तुमच्या हाफिसात काय झालं आसंल तं तुमीच बघा. ते हितंच कुटंतरी ऱ्हायलेत. मना ते परत पायजेत. दुसरं काय नको."

वसुंधराला वाटलं, हिला सांगावं, अहो मशीनचा घोळ आहे. पण एखाद्याच्या घरात तीस वर्षं करकरणारी खाट गप्प झाली, त्यावर मशीनचं काय सांगणार?

"बघते," ती म्हणाली. "उद्यापर्यंत बघते."

पुडी घेऊन ती आत आली. काशीराम स्टुलावरच होता, गुडघ्यांवर हात ठेवून, काचेकडे तोंड करून. तिनं गोळ्या दिल्या. त्यानं त्या खिशात ठेवल्या. "आली होती का ती?" त्यानं विचारलं. "उगा जिवाला घोर लावून घेते."

६

शुक्रवारी दुपारी मितेश येऊन तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसला. वय एकतीस, टायची गाठ कायम सैल, वागायला मात्र चांगला.

"मॅडम, रिपोर्टचं काय? सिंपल आहे ना. एक ओळी खातंय, एक खात नाही. पुण्याचं घेऊन टाकू."

"पुण्याच्यात एक घोळ आहे."

"कसला?"

"काशीरामभाऊ मंगळवारी आत गेल्याची ओळ आहे. बाहेर आल्याची नाही."

मितेशनं काचेकडे बघितलं, स्टुलावरच्या काशीरामकडे बघितलं आणि हसला. "तो काय समोर बसलाय. कार्ड लावायला विसरला असेल. हातानं ओळ टाकायची सोय आहे ना त्यात? टाकून द्या. ट्रायल आहे, एका ओळीसाठी रिपोर्ट कशाला अडवायचा?"

तो गेला. खरंच, त्यानं सांगेपर्यंत तिला हे सुचलं कसं नाही याचं तिला नवल वाटलं. राहिली असेल तर भरून टाका. नऊ वर्षं ती दुसरं काय करत आली होती? मस्टरवर वेळ भरून कितीतरी जणांना तिनं घरी पाठवलं होतं. काशीरामलाच पन्नासदा.

तीन बेचाळीस झाले, मग पन्नास. गेटवर गर्दी वाढत होती, मशीनवर ओळी धो धो पडत होत्या. ती लॉगच्या मशीनशी गेली, काचेच्या भिंतीकडे पाठ करून बसली आणि ती सोय उघडली. रिकामी चौकट आली. कार्डाचा नंबर? सात. आत की बाहेर?

तिचं बोट थांबलं. काशीराम तिच्यापासून चार हातांवर बसला होता. त्याला विचारावं असं तिला फार वाटलं. पण काय विचारणार? तुम्ही बाहेर आहात ना, असं? आणि तो म्हणाला असता, आलो असन की. तिला कमळाबाई आठवली, बाभळीखाली उभी. मना ते परत पायजेत. द्यायला हवं होतं. काहीतरी करून त्या बाईला तिचा माणूस द्यायला हवा होता, आणि करण्यासारखं म्हणून वसुंधराच्या हातात एवढीच एक ओळ होती.

तिनं लिहिलं, बाहेर. आणि बटण दाबलं.

क्षणभर काही झालं नाही. मग खोलीच्या दाराचं कुलूप खट् वाजलं.

तिनं मान वर केली नाही. मशीनच्या पडद्याच्या काळ्या काचेत मागची काचेची भिंत धूसर दिसत होती. तिसऱ्या कपाटाच्या कडेवर काहीतरी निळं हललं, खांद्याएवढ्या उंचीवर. दार हातभर उघडलं. थंड हवेचा एक झोत तिच्या पोटऱ्यांवरून गेला आणि टेबलावरचे कागद उचलले गेले. तिनं त्यांच्यावर हात ठेवला, डोळे कागदांवरच ठेवले.

बाजूला बघितलं तेव्हा दिसला तो फक्त काशीराम, स्टुलावरचा. तो दाराकडे बघत नव्हता, खाली जमिनीकडे बघत होता. आणि त्यानं आपले दोन्ही पाय बाजूला घेतले होते, अरुंद जागेतून कुणाला तरी जायला वाट द्यावी तसे.

दार लागलं. खट्.

"झालं का, मॅडम?" त्यानं हळूच विचारलं.

"झालं," ती म्हणाली. तिनं उचललेले कागद पुन्हा एकावर एक लावले.

७

रिपोर्ट दीड पानांचा झाला. पुण्याचं घ्यावं, एकही ओळ गाळत नाही, आवश्यक तिथे हाताने नोंद करण्याची सोय आहे. तिनं सही केली आणि मितेशच्या टेबलावर ठेवून दिला. परत येऊन बसते न बसते तोच फोन वाजला. सव्वापाच.

"बाई, मी कमळा." शेजारच्या दुकानातून बोलत होती, मागे रेडिओ लागलेला. "बाई, आले हो."

"कोण?"

"हे आले. साडेचारलाच आले. चालत आले बहुतेक, घामानं पार भिजलेले. पाय धुतले, मोरी अशी ओली केली की मी घसरले असते. गोळी घेतली. आता पडलेत." ती रडत होती, रडता रडता हसत होती. "खाट करकरली, बाई. मी दारात उभी राहून ऐकली. इचारलं, कुटं होतात तीन दिस? तं म्हनतात, कामात होतो, कुनी बोलावलंच नाय."

वसुंधराच्या हातातला फोन कानाला चिकटला होता. समोर स्टुलावर काशीराम बसला होता. निळा युनिफॉर्म, कानावर पेन्सिल. तो तिच्याकडेच बघत होता, आणि कमळाबाईचा आवाज खणखणीत होता, शांत खोलीत सहज पोचण्यासारखा.

"त्यांना उठवू का? बोलता?"

"नको," वसुंधरा म्हणाली. "झोपू द्या त्यांना."

तिनं फोन ठेवला. बाहेर साडेपाचची घंटा झाली. ऑफिसातले लोक डबे उचलून, मस्टरवर सह्या ठोकून निघाले. कुणी काशीरामला हाक मारली नाही. एक जण त्याच्या इतक्या जवळून गेला की धक्का लागायला हवा होता.

"पोचला का?" काशीरामनं विचारलं.

"हो."

"बरं झालं. तिच्या जिवाला लई घोर होता." त्यानं मान हलवली. मनापासून बरं वाटल्यासारखी हलवली. मग आपल्या तळहातांकडे बघत त्यानं विचारलं, आणि त्यात तक्रार अशी नव्हती. "मंग आता मी कुटं जाऊ, मॅडम?"

ती उत्तर शोधत होती. खरंच शोधत होती. तीन दिवस हा माणूस तिच्या समोर बसला होता. तिची ट्यूबलाइट यानंच बंद केली होती, दमलात असं यानंच म्हटलं होतं. घरी गेला त्यानं नव्हे. पण याला घेऊन कुठे जायचं? सुकापूरला त्या दारात? आपल्या घरी? नवऱ्याला काय सांगायचं? आणि सहाची गाडी चुकली असती तर घरी पोचायला आठ वाजले असते.

तिच्या चेहऱ्यावर त्यानं ते वाचलं असावं. माणूस समजूतदार होता.

"तुमी जावा घरी," तो म्हणाला. "उशीर होतोय तुमाला." तो उठला, खिशातून कार्ड काढलं, दाराला लावलं. हिरवा दिवा लागला. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

"काशीरामभाऊ."

तो थांबला. दार अर्धं उघडलेलं, आतली गार हवा बाहेर येत होती. तो वळला, आणि तो वळला तेव्हा त्याच्या तोंडावर एकदम अशी आशा आली की वसुंधराला ती बघवली नाही. थांबा म्हणायचं होतं. एवढाच शब्द होता, तो ओठांशीही आला होता.

"दार नीट लावून घ्या," ती म्हणाली.

"हो, मॅडम," काशीराम म्हणाला, आणि आत जाऊन त्यानं कुलूप वाजेपर्यंत दार ओढून घेतलं.